टेरीचं काय ते बघा

परवा नातीनं मोबाइल माझ्या नाकासमोर धरला आणि म्हणाली, "आजी, तुझ्यासाठी टॉवेल मागवतेय. हा टेरीचा घेऊ?" मी म्हटलं, "कुठलाही घे बाई, पण तो शब्द माझ्यासमोर काढू नकोस." तिला वाटलं, म्हातारीचं सकाळी सकाळी काहीतरी बिनसलं. तिला काय सांगणार, की माझ्या माहेरी हा शब्द कानावर पडला की भरल्या ताटावरून उठून जाणारा एक माणूस होता, आणि ह्याच शब्दापायी माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न भर मांडवात मोडायला आलं होतं. टेरी म्हणजे काय, एवढाच प्रश्न. साधा विचारला असता तर दोन मिनिटांत सुटला असता. पण विचारायचा कुणी? आमच्या घरात प्रश्न विचारण्यापेक्षा विहिरीत उडी मारणं लोकांना सोपं वाटायचं.

आमचं गाव उंब्रजपासून आत, नदीकडेचं. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. ऊस होता, दोन म्हशी होत्या, आणि घरात आई, आक्का आणि मी. आक्का म्हणजे सुमन, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. ती इतकी कमी बोलायची की शेजारच्या बायका तिला मुकी म्हणायच्या, आणि मी इतकी बोलायचे की त्याच बायका आईला म्हणायच्या, हिच्या तोंडाला कुलूप घाला. मी दहावीला इंग्रजीत गचकून घरी बसलेली होते, त्यामुळं पुढं जो इंग्रजी शब्द आमच्या घरात शिरला त्याबद्दल माझं मत कुणी विचारलं नाही, हे आधीच सांगून ठेवते.

आता टॉवेल. टॉवेल ही अंग पुसायची वस्तू आहे, हे मला फार उशिरा कळलं. अंग पुसायला आमच्याकडं पंचा. टावेल हा तात्यांच्या खांद्यावर असायचा. बाजारातून येताना त्यात भाजी बांधायची, डोक्यावर ओझं घ्यायचं तर त्याचीच चुंबळ करायची. उंब्रजच्या स्टँडला एसटी लागली की माणसं आधी खिडकीतून टावेल आत टाकायची आणि मग दारातनं चढायची. टावेल पडलेल्या जागेवर परका माणूस बसत नसे, एवढी त्याची पत. सरपंच निवडून आला की टावेल-टोपी, मास्तर रिटायर झाला की टावेल-टोपी, सोयरा मांडवात आला की टावेल-टोपी. आणि घरातलं माणूस गेलं की सोयरे यायचे आणि गेलेल्याच्या मुलाच्या खांद्यावर टावेल टाकायचे. दुखवटा काढणं म्हणतात त्याला. आमच्याकडं दुखवट्याला साधा पंचा चालायचा. सुताच्या फाशाफाशांचा जाड टर्किश टावेल मात्र घरात एकच होता, ट्रंकेत, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेला. आमच्याकडं टरकिस म्हणत. आई म्हणायची, "टरकिस कसला? वापरायला सगळी टरकत्यात."

आक्काला सांगलीचं स्थळ आलं. मुलगा विलास, एका कारखान्यात फिटर, उंच, सावळा, हसला की दात दिसणारा. घर हळदीच्या पेठेतलं. त्याचे वडील नुकतेच वारले होते, म्हणून सगळा कारभार चुलत्याच्या हातात. त्यांना भाऊसाहेब म्हणत. पेठेत हळदीची दलाली करायचे, आणि हस्तांदोलन करताना आधी समोरच्याचा हात उलटा करून बघतील असं वाटावं असा माणूस. बाप गेल्यावर लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असा त्यांच्याकडं रिवाज. त्यामुळं त्यांना घाई होती. आक्काला मुलगा आवडला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, पण ते लोक बघून गेले त्या दिवशी ती भांडी घासताना गुणगुणत होती, आणि आक्काचं गुणगुणणं मी त्याआधी ऐकलेलंच नव्हतं.

सुपारी फोडायला दहा-बारा माणसं आली. आईनं शिरा केला होता, तूप सुटेपर्यंत परतलेला. देण्याघेण्याचं बोलणं आलं तेव्हा तात्या सावरून बसले. भाऊसाहेबांनी बशीतला चहा संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "आमचं काय मागणं नाही. घरात आत्ताच दुःख झालंय. पाच मानकरी आहेत, त्यांना तेवढं टेरीचं काय ते बघा. म्हणजे झालं." तात्यांनी लगेच मान हलवली. "व्हय व्हय, टेरीचं बघू की." मध्यस्थ होता आईचा मावसभाऊ, रघूमामा, त्यानंही हलवली. सुपारी फुटली. पाहुण्यांची गाडी वळणाआड गेली, आणि तात्या मामाकडं वळून म्हणाले, "टेरी म्हंजे काय रं?"

मामा म्हणाला, "मला वाटलं तुमाला म्हाईत हाय."

तिथून पुढचे दिवस घरात जेवणं धड झाली नाहीत. आई सारखी म्हणायची, "आवं, माणूस धाडून इचारा की. त्येच्यात काय जातंय?" तात्या म्हणायचे, "इचारलं की झालं! म्हणतील, साधं टेरी म्हाईत न्हाई, कुठल्या अडाण्याच्या घरात पोरगा दिला." मामा म्हणायचा, असलं विचारणं हलकं दिसतं. तात्यांचा स्वतःचा अंदाज होता की टेरी म्हणजे टेरीकॉट असावं. तेव्हा त्या कापडाचं नवंच वेड होतं. इस्त्री न करता कडक राहायचं, अंगात घातलं की माणूस शिजून निघायचा, पण रुबाब म्हणजे रुबाब. तात्या टेरीकॉटच आणणार होते. उंब्रजच्या दुकानात पीस बघूनही ठेवले होते. आणि तेवढ्यात बापूकाका सुट्टीवर आले.

बापूकाका म्हणजे तात्यांचे धाकटे भाऊ, फौजेत हवालदार. ते घरात आले की घराची चालच बदलायची. उंबऱ्यात चपला सुद्धा ओळीत लागायच्या. आमच्यावर जीव ओवाळून टाकणारा माणूस. त्यांना मूल बऱ्याच उशिरा झालं, तोवर आम्हीच त्यांच्या पोरी. आक्काचं लग्न ठरलं म्हणून त्यांनी वरच्या साहेबाचे पाय धरून सुट्टी मिळवली होती. तात्यांचं म्हणणं त्यांनी ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसले.

"दादा, टेरी येगळं आन् टेरीकाट येगळं. टेरी म्हंजे टरकिस टावेल! आमच्या कॅन्टीनमधी पाटीवर लिवलेलं असतंय, टेरी टावेल. मी रोज वाचतोय."

"नक्की का रं?"

"आवं मिल्ट्रीत हाय मी. तितं चुकीचं लिवतील व्हय?"

आता ह्याच्यापुढं कोण बोलणार? मिल्ट्रीनं लिहिलेलं म्हणजे संपलं. तात्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलं. खरं सांगायचं तर सगळ्यांनाच बरं वाटलं, कारण आता कुणाला विचारायला जायची गरज उरली नव्हती. काका दुसऱ्या दिवशी साताऱ्याला गेले आणि मिल्ट्री कॅन्टीनमधून पाच टॉवेल घेऊन आले. मी तसे टॉवेल आधी बघितले नव्हते, ट्रंकेतला टरकिसही त्यांच्यापुढं पातळ. बोट दाबलं की आत जायचं. आईच्या भेगाळलेल्या हातांना त्याचे फासे अडकायचे, म्हणून ती दुरूनच बघत होती. पांढरेशुभ्र. आई म्हणाली, "भावजी, रंगीत न्हवतं का हो?" काका म्हणाले, "वयनी, पांढरा आफिसर लोकांचा. रंगीत शिपायाला."  पण आईनं टॉवेल ट्रंकेत ठेवताना मला हळूच विचारलं, "मंदे, तुला कसं वाटतंय गं?" मी म्हटलं, "मी नापास हाय. मला काय इचारतीस?" आणि तोंड फिरवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळपासून उकाडा होता. मांडव दारातच घातलेला, कर्णा शेवग्याच्या झाडाला बांधलेला. सांगलीची मंडळी ट्रकमधून आली. सोबत नवऱ्याची उष्टी हळद. दुसरीकडं वाटीभर येते, ही पेठेतली माणसं, त्यांनी डबा भरून आणली. आक्काला लावून झाली तरी डबा अर्ध्याच्या वर शिल्लक होता. मागच्या बाजूला मोठ्या पातेल्यात वांग्याची आमटी रटरटत होती, लापशीचा वास घरभर होता, आणि कर्ण्यावरून रघूमामाचा आवाज, "मानकऱ्यांनी कृपया मांडवात यावे, मानकऱ्यांनी मांडवात यावे."

मी माजघराच्या खिडकीत उभी होते. आक्का माझ्यामागं पाटावर, मुंडावळ्या बांधून. काकांनी फौजेतला कोट चढवला होता. त्यांनी पहिला टॉवेल दोन्ही हातांनी उलगडला आणि भाऊसाहेबांच्या खांद्यावर घातला. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. पाचवा टाकून होईपर्यंत मांडवातली कुजबुज थांबली होती. पाच माणसं ओळीनं बसलेली, खांद्यावर पांढरे टॉवेल, आणि कुणीच हलेना. नवऱ्याची आई बायकांत बसली होती. ती एकदम तोंडाला पदर लावून हुंदका देऊन रडायला लागली.

आम्हाला काय ठाऊक! तिचा नवरा गेला तेव्हा पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आणून टाकलेले सगळे टॉवेल असेच होते, पांढरे, टर्किश. विलासच्या खांद्यावर त्या दिवशी एकावर एक पडले होते. तो ढीग अजून त्यांच्या घरात तसाच होता म्हणे.

भाऊसाहेब उठले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी दोन बोटांनी उचलला आणि जमिनीवर सोडला. "हवालदार, हा मान आहे का दुखवटा? आम्ही कापड सांगितलं. टेरीचं कापड. तुम्ही आमच्या मेलेल्या माणसाची आठवण घालताय आमच्या खांद्यावर?"

काकांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. साहेबासमोर उभं राहावं तसे ते ताठ उभे होते. "भाऊसाब, टेरी म्हंजे..."

"मला टेरी शिकवू नका!"

बाकीच्या चौघांनीही टॉवेल टाकले. तात्या हात जोडून पुढं झाले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि ते बघून माझं डोकंच फिरलं. मी खिडकीतूनच ओरडले, "काका बरोबर हायती! टेरी म्हंजे टरकिसच! तुमालाच कळत न्हाई!" झालं. आगीत तेल. आजही मला त्याचं काही वाटत नाही. तात्यांच्या हातात टोपी बघून गप्प बसणारी मी नव्हे. पण भाऊसाहेबांना निमित्तच मिळालं. "बघा, पोरीबाळी सुद्धा बोलायला लागल्या. चला रे. गाडी लावा."

ट्रक सुरू झाला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वाजंत्रीवाले थांबलेले, कर्णा घरघरतोय, आणि सगळ्या मांडवात फक्त त्या ट्रकचा धडधडाट. आचारी मागून येऊन आईला विचारतो, "वयनी, जाळ काढू का?"  सांगलीचे लोक एकेक करून ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून चढायला लागले. कुणीतरी विलासचा दंड धरला होता. तो जागचा हलत नव्हता, पण बोलतही नव्हता. मला त्याचा इतका राग आला की वाटलं, जाऊन दोन कानाखाली द्याव्यात. मुहूर्त डोक्यावर आलेला. आत बायकांनी रडायला सुरुवात केली होती. आक्काच्या हातावर हळद, कपाळावर मुंडावळ्या. ट्रक वळणाआड गेला की हिचं काय होणार, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं. मांडवातून वऱ्हाड परत गेलेल्या पोरीला आमच्याकडं दुसरं स्थळ येत नसे.

मी बाहेर पळाले आणि जमिनीवरचे टॉवेल गोळा केले. का केले, माहीत नाही. आमच्या काकांनी आणलेले टॉवेल लोकांच्या पायाखाली नकोत, एवढंच वाटलं. ते छातीशी धरून आत आले तर आक्का उठून उभी होती.

"हळद उरलीय न्हवं?" ती म्हणाली.

"काय?"

"डबा आण."

तिचा आवाज इतका शांत होता की मी उलट बोलले नाही. ती मागच्या दारी गेली, पाण्यानं भरलेल्या घंगाळात सांगलीचा उरलेला डबा उपडा केला आणि हात घालून ढवळला. मग माझ्याकडून एकेक टॉवेल घेतला आणि आत बुडवला. पंचा असता तर वरच्यावर रंगला असता. पण तो टर्किश. त्याच्या फाशाफाशांत हळद शिरली, बघता बघता पांढरं कुठं दिसेना. आमची आत्याबाई ओरडली, "आगं सुमे, नवरीनं मांडवाबाहेर जायचं नसतंय!" आक्कानं पाच टॉवेल पिळले, हातावर घेतले आणि सरळ दारातून बाहेर पडली.

माणसं आपोआप बाजूला झाली. ती ट्रकपाशी गेली. कोपरांपर्यंत हात पिवळे, शालूवर पिवळे ओघळ. भाऊसाहेब एक पाय फाळक्यावर ठेवून उभे होते.

"मामंजी," ती म्हणाली. अजून लग्न लागलं नव्हतं, तरी मामंजी म्हणाली. "जरा खाली उतरा."

ते उतरले. का उतरले देव जाणे. तसं कुणी त्यांना कधी सांगितलं नसेल. आक्कानं टॉवेल उलगडला आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर, खांद्यावर ओलाच टाकला.

"ही तुमच्याच घरची हळद हाय. सकाळी तुमीच आणलीसा. दुखवट्याला हळद लागती का, ते मला सांगा. मला काय ठावं न्हाई. हळद लागलेला मान परत करायचा असंल, तर मग तुमच्या पोराच्या अंगाची हळद बी आदी पुसा, आन् जावा."

एवढं लांब बोलणं तिच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.  ट्रक धडधडत होता. मग विलासनं दंड सोडवून घेतला, पुढं गेला, केबिनच्या दारावर थाप मारली आणि म्हणाला, "बंद कर रं गाडी."

गाडी बंद झाली. इतकी शांतता झाली की मागच्या आमटीचा आवाज येत होता. भाऊसाहेबांच्या खांद्यावरून पिवळं पाणी शर्टावर उतरत होतं. त्यांनी टॉवेलचं टोक हातात घेतलं. पेठेतला माणूस, बोटांनी चोळलं, नाकाशी नेलं, वास घेतला. सगळं गाव त्यांच्या तोंडाकडं बघतंय.

"राजापुरी हळद," ते म्हणाले. "माल आमचाच आहे."

आणि हसले. आधी तेच हसले, मग ट्रकमधली माणसं, मग सगळेच. नवऱ्याच्या आईनं येऊन आक्काला पोटाशी धरलं, तिचं लुगडंही पिवळं झालं. मामा कर्ण्यावर ओरडला, "मुहूर्त जवळ आलेला आहे, मंडळींनी बसून घ्यावे!" लग्न लागलं. पाच मानकरी ओले पिवळे टॉवेल घेऊन अक्षता टाकत होते, आणि अंगातल्या टेरीकॉटवर पडलेले ते डाग म्हणे शेवटपर्यंत निघाले नाहीत. पंगत उठेपर्यंत संध्याकाळ झाली. लापशी थोडी करपली होती. कुणी नाव ठेवलं नाही.

फक्त एक माणूस जेवला नाही. बापूकाका गोठ्याच्या कडेला बाजेवर बसून होते, कोट काढून मांडीवर घेतलेला. मी ताट घेऊन गेले तर म्हणाले, "मंदे, पाटीवर टेरीच लिवलंय गं. मी खोटं बोलत न्हाई." मी म्हटलं, "मला म्हाईत हाय, काका." पण गावाला कुठं माहीत होतं? त्या दिवसापासून गाव त्यांना टेरीबापू म्हणायला लागलं. पारावर बसले की कुणीतरी विचारायचंच, "काय टेरीबापू, हे धोतर कसलं, टेरीचं का?" फौजेतून रिटायर होऊन आले तरी ते नाव सुटलं नाही. त्यांच्या मुलाला शाळेत टेरी म्हणायचे. पहिल्यांदा काका चिडायचे, भांडायचे, मग गप्प उठून जायला लागले. आक्काच्या सांगलीच्या घरी ते कधीच गेले नाहीत. ती दिवाळीला आली की तिच्या डोक्यावरून हात फिरवायचे, पण विलासदाजी सोबत असले की शेताकडं निघून जायचे. आता दुकानात, मोबाइलवर, जिथं बघावं तिथं टॉवेलखाली टेरी लिहिलेलं असतं. शब्दाचा अर्थ त्यांनाच बरोबर ठाऊक होता. पण पेठेत टेरी म्हटलं की सगळे टेरीकॉटच समजत, आणि लग्न पेठेतल्या माणसांशी होतं, कॅन्टीनच्या पाटीशी नव्हतं. हे त्यांना कुणी समजावून सांगितलं नाही, आणि ते बरोबर होते हेही कुणी सांगितलं नाही.

काका वारले, म्हातारपणानं थकून. दुखवट्याला सोयरे आले. काकांचा मुलगा संजय ओसरीवर खाली मान घालून बसलेला, त्याच्या खांद्यावर एकेकजण पंचा, टॉवेल टाकत होता. सांगलीची गाडी उशिरा आली. आक्काचे केस सगळे पांढरे झालेले, दाजी तिला हाताला धरून उतरवत होते. रिवाजाप्रमाणे टॉवेल दाजींनी घालायचा. त्यांनी पिशवीतून काढला. पांढराशुभ्र, जाड, फाशाफाशांचा टर्किश.

आक्कानं तो त्यांच्या हातातून काढून घेतला. भिंतीला टेकवलेल्या काकांच्या फोटोकडं तिनं बघितलं. कोट घातलेला, ताठ उभा फोटो. मग टॉवेल उलगडून संजयच्या खांद्यावर घातला आणि ओसरीवरच्या सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाली,

"काका, टेरी आणलाय. टेरी म्हंजे टरकिसच. तुमचंच खरं हुतं."

संजयनं टॉवेलात तोंड खुपसलं. त्या दिवशी तो पहिल्यांदाच रडला.